पुसण्याआधी पाहावे

गेल्या भाद्रपदात देवासला आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली. ती इतकी लहान आहे की, मासिकात लिहिण्यासारखे तिच्यात काय आहे असे कोणी विचारले तर मला चटकन उत्तर देता येणार नाही. तरीपण त्या गोष्टीने मला तीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळपाशी नेऊन उभे केले, आणि त्या संध्याकाळचा हिशेब मी अद्याप कोणापुढे मांडलेला नाही. शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींना आणि घरात लहान मुले असलेल्या आईबापांना त्याचा काही उपयोग झाला तर व्हावा, म्हणून तो आज येथे मांडतो.

माझी थोरली मुलगी बँकेत नोकरीला आहे. बदली होऊन ती देवासलाच आल्यामुळे तिची दोन मुले शाळा सुटली की आमच्याकडे येतात. नात आठ वर्षांची आणि नातू पाच वर्षांचा. दोघांच्या हातांना क्षणाची उसंत नाही. रिकामी खोकी, बाटल्यांची झाकणे, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, आजीच्या शिवणाच्या डब्यातील बटणे, या सर्वांचे त्यांच्या हातून काही ना काही होत असते. आज खाटेची आगगाडी, उद्या चादरीचा तंबू, परवा पिठाच्या डब्याचा ढोल. आमचे घर पुन्हा घरासारखे दिसू लागते ते रात्री, मुले आपल्या घरी गेल्यावर.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात आमच्या माळव्यात मुली संजा मांडतात. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घराच्या बाहेरील भिंतीचा एक चौकोन शेणाने सारवायचा, त्यावर शेणाच्याच बारीक वळ्या करून आकृती उठवायची आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी व चमकत्या कागदाने सजवायची. रोज नवी आकृती. कधी फुले, कधी चंद्र-सूर्य, आणि शेवटी मोठा किलाकोट. संध्याकाळी गल्लीतील मुली घोळक्याने घरोघर जाऊन गाणी म्हणतात. खानदेशातील भुलाबाई ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही तिची बहीणच वाटेल. दुसऱ्या दिवशी जुनी आकृती काढून टोपलीत ठेवतात व पक्ष संपला की नदीत किंवा तळ्यात सोडून देतात.

तर त्या दिवशी मी बाजारातून परत आलो तो मागील अंगणात आमच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर शेणाचा हातभर चौकोन! नात गुडघ्यांवर बसून त्यावर काहीतरी चिकटवीत होती आणि नातू तिला गुलतेवडीच्या पाकळ्या मोजून देत होता. मी एक शब्द बोललो नाही. न्हाणीतून पाण्याची बादली आणि खराटा घेऊन आलो. इतक्यात माझी मुलगी बँकेतून आली व दारातच उभी राहिली.

“बाबा, थांबा,” ती म्हणाली. “आधी पाहा तरी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. परंतु माझ्या हातातील खराटा तेथेच थांबला. कारण हेच तिला एकदा मला सांगायचे होते, आणि तेव्हा सांगायला ती फार लहान होती.

आम्ही त्या वेळी धारला होतो. माळव्यात मराठी माणूस नवा नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवार घराण्याची संस्थाने, आणि देवासच्या तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केले, आणि पुढे धारला डॉ. मार्गारेट ओहारा यांनी स्त्रियांच्या औषधोपचाराचे काम उभे केले. या भागात शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर म्हणून जी ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली त्यांत आमच्यासारखी काही मराठी घरेही होती. मी शाळामास्तर. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, तीन मुले आणि एक सायकल, एवढा संसार. मंडळीत माझ्याकडे पंचाचे काम होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या दिवशी आमच्या घरी घरसभा ठरलेली होती. पाळकसाहेब येणार, दहा-पंधरा माणसे येणार. मी शाळेतून लगबगीने आलो तो बाहेरच्या भिंतीवर संजा! शेजारच्या मुलींबरोबर थोरलीने ती मांडली होती. माझ्या डोळ्यांपुढे पाळकसाहेब उभे राहिले, मंडळीतील माणसे उभी राहिली, त्यांची आपसातील कुजबूज उभी राहिली. मुलगी मात्र उभी राहिली नाही, जरी ती माझ्यापासून दोन हातांवर होती. मी खुरपे घेतले, सगळे खरवडून काढले आणि भिंत धुतली. दहा मिनिटांचे काम. घरसभा छान झाली. मी स्वतः प्रार्थना केली.

रात्री सर्व गेल्यावर पत्नी भांडी आवरता आवरता म्हणाली, “त्यात तुमची सायकल होती. पाहिलीत का?”

मी पाहिली नव्हती. प्रत्येक मुलीने आपापल्या घरातील एकेक वस्तू त्या आकृतीच्या कडेने घातली होती आणि आमच्या मुलीने माझी सायकल घातली होती. चाकांच्या आऱ्यांना तिने खराट्याच्या काड्या लावल्या होत्या. मी येईन आणि ओळखीन म्हणून ती दुपारपासून वाट पाहत होती.

तिने रडारड केली नाही की रुसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीपाशी गेली नाही, आणि मला वाटले की मुलीला वळण लागले. पुढे हळूहळू पाटीवरची चित्रे थांबली, वहीच्या मागील पानावरची थांबली. ती अभ्यासात हुशार निघाली, तिने उत्तम नोकरी मिळवली, आज ती स्वतः शब्बाथशाळेत शिकवते. तिचे काही बिघडले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या घरातील कोणतीही वस्तू तिने मला काढून दाखवली नाही.

आता प्रश्न असा की माझी चूक नेमकी कोणती? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काही वाचक म्हणतील, चूक कसली? संजा हे व्रत आहे, तिची आरती होते, प्रसाद होतो. ख्रिस्ती घराच्या भिंतीवर ती नको असे बापाने ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे. मलाही हे मान्य आहे. आपण कोणाची उपासना करतो हे मुलांना स्पष्ट सांगणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. मी मुलीला जवळ बसवून म्हणू शकलो असतो की, बाळ, मैत्रिणींबरोबर फुले वेच, चित्र काढ, पण आरतीला आपण उभे राहत नाही, आणि का राहत नाही ते असे. ती नऊ वर्षांची होती, तिला ते समजले असते. शेजारच्या मुलींच्या आयांनाही समजले असते, कारण स्वतःच्या श्रद्धेने वागणाऱ्या माणसाला दुसऱ्याची श्रद्धा कळते.

शिवाय पुसणे हीच चूक म्हणावी तर तेही खरे नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुली आपल्या हातांनीच ती आकृती काढून टाकणार होत्या. मुलांना आपल्या हातची वस्तू मोडल्याचे दुःख आपल्याला वाटते तितके नसते. वाळूचा किल्ला बांधतात व स्वतःच लाथेने पाडून घरी येतात. मग माझ्या मुलीला लागले ते काय? मी पुसले हे नव्हे. मी न पाहता पुसले, हे. तिच्या दुपारभराच्या कामात मला फक्त घाण दिसली आणि लोकांपुढे होणारी माझी लाज दिसली.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पाठ आपण शब्बाथशाळेत किती वेळा घेतो! कोणत्या दिवशी काय उत्पन्न केले ते मुलांकडून घोकून घेतो. परंतु त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. देव निर्माण करतो, आणि मग तो पाहतो. केलेल्या कामाकडे पाहून ते चांगले आहे असे त्याला दिसते, आणि मगच तो पुढच्या कामाकडे वळतो. ज्या देवाच्या प्रतिरूपाने मनुष्य निर्माण झाला त्याचा हा स्वभाव असेल, तर आपल्या लेकराच्या दोन्ही क्रियांत तो उतरलेला असणारच. मूल काही तरी करते, आणि नंतर ते पाहिले जावे असे त्याला वाटते. “आई, बघ ना!” “बाबा, इकडे बघा!” ही हाक दिवसातून वीस वेळा आपल्या कानी पडते आणि आपण तिला त्रास म्हणतो.

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बापांना उद्देशून एक वाक्य आहे. मुलांना चिडीस आणू नका असे तो बजावतो आणि त्याचे कारणही देतो, ते हे की त्यांची उमेद खचू नये. मुलांनी आज्ञा पाळावी हे तो आधीच्याच ओळीत सांगतो. म्हणजे आज्ञापालन आणि उमेद ही दोन्ही एकाच घरात राहू शकतात असे प्रेषिताचे मत आहे. आम्ही बाप मंडळी पहिली ओळ पाठ करतो आणि दुसरीपाशी पान उलटतो.

आपला प्रभू तर मुलांच्या खेळाकडे किती बारकाईने पाहत असे! बाजारात बसून लग्नाचे आणि मर्तिकाचे खेळ खेळणारी मुले, पावा वाजवूनही सवंगडी नाचत नाहीत म्हणून कुरकुरणारी मुले, यांचा दाखला त्याने दिला आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तो सापडतो. बाजारातून जाताना थांबून जो पाहतो त्यालाच असा दाखला सुचतो. आपण त्याच बाजारातून भाजीची पिशवी घेऊन किती वेळा गेलो असू!

येथवर मी एका चुकीविषयी लिहिले. दुसरी चूक तिच्या अगदी उलट आहे, आणि तीही माझ्याच हातून झाली. मधल्या मुलाचा गळा गोड होता. थोरलीच्या बाबतीत पत्नीने टोचल्यापासून मी सावध झालो होतो, म्हणून याच्या गुणाकडे मी लक्ष द्यायचे ठरवले, आणि इतके दिले की त्याचा गुण माझाच झाला. पाहुणे आले, म्हण गाणे. नाताळचा कार्यक्रम, म्हण गाणे. दुसऱ्या गावी अधिवेशनाला गेलो, याला पुढे कर. लोक माझी पाठ थोपटत. तो बारा-तेरा वर्षांचा झाला, आवाज फुटू लागला, आणि एका नाताळात भर उपासनेत दुसऱ्या कडव्यावर त्याचा सूर मोडला. तो थांबला आणि जागेवर जाऊन बसला. मी घरी आल्यावर त्याला काय बोललो ते येथे लिहीत नाही. आज तो मंडळीत इतरांबरोबर गातो, पण कोणी एकट्याला उभे राहायला सांगितले तर हात जोडतो.

पुसणारा बाप आणि मिरवणारा बाप हे वरवर पाहता एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोघांच्या मनात एकच माणूस असतो, तो म्हणजे पाहणारा तिसरा. एकाला लोकांची लाज वाटते आणि दुसऱ्याला लोकांची वाहवा हवी असते. मूल दोघांनाही दिसत नाही. आजच्या काळात हे मिरवणे फार सोपे झाले आहे. पूर्वी पाहुणे यावे लागत. आता लेकरू वचन म्हणू लागले की त्याच्या तोंडापुढे मोबाईल येतो, आणि पाच मिनिटांत ते चित्र मावशीपासून मंडळीच्या ग्रूपपर्यंत पोहोचते. मूलही मग वचन म्हणताना आईकडे न पाहता त्या काचेकडे पाहू लागते. किती अंगठे आले हे विचारू लागते. आपण त्याला नकळत काय शिकवतो याचा विचार व्हायला हवा.

या बाबतीत आमच्या देवास गावातच एक उदाहरण घडून गेले आहे. पंडित कुमार गंधर्वांचे नाव कोणाला ठाऊक नाही? १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा अगदी लहानपणीच ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब म्हणू लागला. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करीत. १९३५ मध्ये, अकराव्या वर्षाच्या आसपास, अलाहाबादच्या संगीत परिषदेत तो गायला आणि त्याचा बोलबाला झाला. असल्या मुलाचे पुढे काय होते हे आपण अनेकदा पाहिले आहे. टाळ्या संपल्या की मूलही संपते. याचे तसे झाले नाही, कारण १९३६ मध्ये तो मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला आला. जे मूल सगळ्यांची नक्कल करू शकत होते त्याला आता स्वतःचे गाणे शोधायचे होते. पुढची सुमारे अकरा वर्षे तो तेथे शिकला. लोकांपुढे चमकणाऱ्या मुलाला पुन्हा विद्यार्थी होऊ देणे, हे गुरूचे केवढे मोठे काम आहे!

आणि पुढे तर याहून कठीण प्रसंग आला. ऐन विशीत कुमारजींना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये देवासला आले. गायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पाच-सहा वर्षे मुक्याने गेली. पत्नी भानुमतीबाई शाळेत नोकरी करून घर चालवीत. त्या वर्षांत बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याच्या बायकांची गाणी येत. लग्नाची, पावसाची, रोजच्या कामाची. ती ते ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्याच लोकधुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले, लोकगीतांचे कार्यक्रम केले, आणि एक फुप्फुस निकामी झालेल्या माणसाने आपली नवी गायकी घडवली. १९९२ मध्ये ते वारले ते देवासलाच.

मी संगीतातला जाणकार नाही. मला यात आईबापांसाठी एकच गोष्ट दिसते. ज्या वर्षांत काहीही झाले नाही असे वाटत होते त्या वर्षांत ऐकणे चालू होते. आपल्या मुलांच्या दिवसात असे रिकामे तास आहेत का? सकाळी शिकवणी, मग शाळा, मग दुसरी शिकवणी, शनिवारी चित्रकलेचा वर्ग, रविवारी गाण्याचा. मूल गुणी निघाले की आपण त्याच्या प्रत्येक तासाला चौकट बसवतो. मग ते खिडकीत नुसते बसलेले दिसले की विचारतो, “काय रिकामा बसलास?” ते कदाचित ऐकत असेल.

वाचक म्हणतील, तर मग मुलांना मोकळे सोडावे आणि घराचा उकिरडा होऊ द्यावा? नाही. येथे मला आमच्या धाकट्याविषयी सांगितले पाहिजे. तो जन्मला तोवर आम्ही दोघे थकलो होतो, आणि आमच्या थकण्याचा त्याला फायदा झाला. त्याला ना कोणी पुसले ना कोणी मिरवले. तो दिवसभर चिखलात असे. बैल, गाड्या, विहिरी, आणि एकदा तर मातीचे अख्खे धार गाव. मी नाक मुरडले की पत्नी हसून म्हणे, “धारला राहणाऱ्याने चिखलाला घाण म्हणू नये.” तिच्या म्हणण्यात अर्थ होता. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा १९३३ चा पुतळा ज्यांनी घडवला ते शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके पुढे धारलाच येऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांचा स्टुडिओ धारमध्ये सर्वांना माहीत आहे. ब्राँझचा पुतळा होण्याआधी शिल्पकाराला मूळ आकृती मातीतच घडवावी लागते. तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात आणि साचा सोडवताना ती माती बहुधा मोडून जाते. ज्या पुतळ्यापुढे लोक हार घालतात त्याची सुरुवात चिखलाने माखलेल्या हातांनी झालेली असते.

परंतु पत्नीने धाकट्याला नुसते मोकळे सोडले नाही. तिने त्याला पत्र्याची एक जुनी ट्रंक दिली आणि एक नियम घातला. दिवसभर काय पसरायचे ते पसर, दिवेलागणीला जे ट्रंकेत जाईल ते तुझे, बाहेर राहील ते झाडूचे. पहिल्या आठवड्यात झाडूने दोन बैल नेले. त्यानंतर एकही नाही. मला वाटते, उत्पत्तीच्या अध्यायातील दुसरा धडा तिने आम्हा सर्वांपेक्षा चांगला ओळखला होता. देवाने निर्माण केले ते वेगवेगळे करून, पाण्याला सीमा घालून, आणि सातव्या दिवशी त्याने काम थांबवले. निर्मितीला मर्यादा नको असते असे नाही. ती मर्यादा आधी सांगितलेली असावी, सर्वांना सारखी असावी, आणि आपल्या लहरीप्रमाणे किंवा पाहुण्यांच्या येण्याजाण्याप्रमाणे बदलणारी नसावी. त्या घरसभेच्या दिवशी मी जो नियम लावला तो मुलीने त्याआधी कधी ऐकलाच नव्हता.

आता मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे येतो. मुलाच्या अंगचा गुण कोणाचा? आईबापांचा म्हणावे तर आपण त्याचे मालक होतो, वाटेल तेव्हा पुसतो, वाटेल तेव्हा मिरवतो. मुलाचा म्हणावे तर आपली जबाबदारी संपते. पवित्र शास्त्र तिसरे उत्तर देते. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात बसालेल नावाचा एक कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ यांचे काम करणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकडावर कोरीव काम करणारा. आत्म्याने भरलेला माणूस म्हटले की आपल्यापुढे संदेष्टे व उपदेशक उभे राहतात, परंतु येथे हाताने काम करणाऱ्याला देवाने आपल्या आत्म्याने भरले असे सांगितले आहे. गुण देवाचा, हात बसालेलचा, आणि काम सर्व लोकांसाठी. पुढे ३५ व्या अध्यायात असेही आहे की दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याला दिली.

मग आईबापांचे काम काय उरते? याचे उत्तर मला हन्नाच्या गोष्टीत मिळाले. नवसाने मिळालेला शमुवेल तिने लहानपणीच मंदिरात परमेश्वराला देऊन टाकला. तो तिचा राहिला नाही. तरीही ती दर वर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. हे वाचताना माझ्या मनात येते की, या वर्षीच्या झग्याचे माप तिने कशावरून घेतले असेल? गेल्या वर्षीच्या मापावर शिवला तर तो आखूड होणार. मूल किती वाढले असेल याचा अंदाज करायचा, आणि अंदाज करण्यासाठी गेल्या खेपेला त्याला नीट पाहिलेले असायला हवे. मूल आपले नाही हे मान्य करायचे आणि तरीही त्याच्या मापाचा झगा शिवत राहायचे. आईबापांचे व शिक्षकांचे काम एवढेच आहे, आणि हे थोडे नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना, मीही त्यांतलाच असल्यामुळे, दोन शब्द सांगतो. मुलाने नोहाचे तारू काढले आणि त्यावर विमान काढले तर लगेच खोडरबर घेऊ नका. “यात काय काय आहे, मला सांग,” असे म्हणा. कदाचित नोहाची आजी त्या विमानाने येणार असेल. ऐकून घेतल्यावर पाठात काय आहे ते सांगायला भरपूर वेळ असतो, आणि ज्याचे ऐकले गेले ते मूल ऐकतेही. नाताळच्या कार्यक्रमात एखाद्याला पुढे करण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर त्याचा मान राखा. पडद्यामागे दिवा धरणाराही त्या कार्यक्रमात असतोच. आणि सर्वांत उत्तम म्हणणाऱ्याला बक्षीस देताना, मागच्या रांगेत चिठोऱ्यावर काही रेखाटीत बसलेल्या मुलाकडेही एकदा जाऊन पाहा.

आता पुन्हा आमच्या अंगणात येतो. मुलीने थांबवल्यावर मी बादली खाली ठेवली आणि नातीजवळ बसलो. बसताना गुडघे कुरकुरले, कारण या गोष्टी वेळेवर केलेल्या बऱ्या असतात. मी विचारले, “हे काय आहे, बाळ?” तिने बोट ठेवून सांगितले. हा आजीचा चष्मा. हा नळ, याला एक दिवसाआड पाणी येते. ही दादूची चप्पल, एकच, दुसरी सापडत नाही. आणि हा मोठा गोल? “ते तुमचं डोकं, आजोबा. त्याला पाकळ्या लावायच्या नाहीत, ते तसंच असतं.” माझी मुलगी दारात उभी राहून हसली. मग आम्ही आरतीविषयी बोललो. मी मला वाटते ते साध्या शब्दांत सांगितले, आणि नातीने ते ऐकून घेतले. भिंतीचा तेवढा चौकोन त्या पंधरवड्यापुरता तिचा, आणि उरलेली भिंत माझी, असा करार झाला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सगळे काढले आणि माझ्या डोक्याच्या जागी कोंबडी मांडली.

रात्री जेवणे झाल्यावर मी मुलीला म्हटले, “धारला त्या दिवशी मी सायकल पाहिली नाही. माझे चुकले.” तीस वर्षांत हे वाक्य मला सापडले नव्हते. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तिला घंटी पण होती, बाबा. बांगडीच्या काचेची.”

पंधरवडा संपायला दोन दिवस होते तेव्हा एका संध्याकाळी मी अंगणात गेलो, तर भिंतीपाशी दोन डोकी वाकलेली दिसली. नातीला किलाकोटाचा दरवाजा जमत नव्हता आणि तिची आई, बँकेतून आल्या कपड्यांनीच, शेणात हात घालून तिला वळी कशी करायची ते दाखवीत होती. मी काही बोललो नाही. मोबाईलही काढला नाही. खुर्ची ओढून जरा मागे बसलो आणि पाहत राहिलो.